मांजारे, चाओ आणि पाच पैसे दंड

आमच्या वाडीत एक आबा होते. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेले, म्हणून सगळे त्यांना पलटणीतले आबा म्हणत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्यांच्या खळ्यात खेळत असायचो. जेवायची वेळ झाली की आबा पडवीत येत आणि मोठ्यांदा हाक मारत, "मांजारे! मांजारे!" मग आम्ही मांजर शोधत सुटायचो. त्यांच्याकडे मांजर नव्हतंच. आबा आपले मिशीत हसत आत निघून जायचे. लढाईत डोक्यावर थोडा परिणाम झालाय, असं माझी आजी हळू आवाजात सांगायची. आम्हालाही ते पटलं होतं.

ही गोष्ट १९५८-५९ च्या सुमाराची. ती मी पार विसरून गेले होते. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे बोलोन्याला गेलो. तीन महिन्यांचा मुक्काम. पोचल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी नातू खाली अंगणात सायकल फिरवत होता आणि समोरच्या गॅलरीतून शेजारच्या आजींनी त्यांच्या पणतवाला हाक मारली, "मांजारे!" माझ्या हातातलं कपड्यांचं पिळं तसंच राहिलं. मुलाला विचारलं, काय म्हणाल्या रे त्या? तो म्हणाला, "काही नाही आई, जेवायला बोलावतायत. मांजारे म्हणजे जेवणं."

पासष्ट वर्षांनी कळलं. आबा आम्हाला जेवायलाच बोलावत होते.

त्या दिवशी मी नातवाची एक कोरी वही मागून घेतली आणि त्यालाच गुरू केलं. तो सात वर्षांचा, मी बहात्तरची. शिकवणारा रागीट होता, पण चांगला होता. पहिला धडा आकड्यांचा. सात म्हणजे सेत्ते, आठ म्हणजे ओत्तो, नऊ म्हणजे नोव्हे. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या प्राकृताचे भाऊबंद! लॅटिनचं 'सेप्तेम' झिजून 'सेत्ते' झालं, आपल्या 'सप्त'चं प्राकृतात 'सत्त' झालं आणि पुढे 'सात'. 'ओक्तो'चं 'ओत्तो', 'अष्ट'चं 'अट्ठ' आणि मग 'आठ'. हजारो मैलांवरची माणसं जोडाक्षराला सारखीच कंटाळली आणि दोघांनी सारखाच मार्ग काढला. 'तू'ला तर तिकडेही 'तू'च म्हणतात. बी.ए.ला भाषाशास्त्राच्या पेपराला हे घोकलं होतं, कानांनी ऐकलं ते आत्ता.

नातवाला यात काडीचा रस नव्हता. "आज्जी, पुढचं लिही," म्हणाला.

पुढचं म्हणजे रोजचे शब्द. कुणाच्या घरात शिरताना उंबऱ्यावर 'पेरमेस्सो' म्हणायचं, म्हणजे आपलं 'येऊ का?' आतून 'आवांती' आलं की पाऊल टाकायचं. फोन उचलला की 'प्रोंतो', म्हणजे 'तयार'. 'ग्रात्सिए' म्हटलं की समोरून 'प्रेगो'. हे 'प्रेगो' फारच उपयोगी. या, बसा, घ्या, आधी तुम्ही, काही हरकत नाही, एवढ्या सगळ्याला एकच शब्द. 'दाई' म्हणजे शब्दशः 'दे', पण वापरतात आपल्या 'चल ना', 'अगं हो ना' सारखं. 'मागारी' हा माझा सर्वांत आवडता. मूळचा ग्रीक, त्यात 'धन्य' असा अर्थ. इटालियनमध्ये त्याचं झालं 'असं झालं तर किती बरं होईल'. आणि 'बो'! खांदे उडवून नुसतं 'बो' म्हणायचं, म्हणजे 'कोण जाणे'. आमच्या ह्यांना एवढा एकच शब्द नीट जमला आणि त्यांनी तीन महिने त्यावरच काढले.

ह्यांच्यावरून आठवलं. बोलोन्याच्या बोलीत एक शब्द आहे, 'उमारेल'. कुठे रस्ता खणायचं किंवा बांधकाम चालू असलं की पाठीमागे हात बांधून तासन्‌तास बघत उभे राहणारे आणि न विचारता सल्ला देणारे निवृत्त आजोबा, ते उमारेल. शब्दशः अर्थ 'छोटा माणूस'. २०२१ च्या 'झिंगारेल्ली' शब्दकोशात तो शब्द रीतसर दाखल झाला. आमच्या रस्त्यावर पाइपलाइनचं काम निघालं होतं, तिथे चार बोलोन्यी उमारेल आणि पाचवे हे. भाषा येत नाही याची अडचण कुणालाच नव्हती.

पण मला सांगायची आहे ती 'चाओ'ची गोष्ट. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या तेव्हा मी नव्या विद्यार्थ्याच्या उत्साहाने म्हटलं, "चाओ!" त्या हसल्या, पण मुलाने घरी येऊन कान उपटले. मोठ्या माणसाला, अनोळखी बाईला चाओ म्हणायचं नाही. 'बुओनजोर्नो, सिन्योरा' म्हणायचं. मी आयुष्यभर मुलांना 'अहो-जाहो' शिकवलेली बाई, मला लाज वाटली.

गंमत म्हणजे हा सलगीचा शब्द जन्मला तो कमालीच्या अदबीतून. व्हेनिसच्या बोलीत निरोप घेताना 'मी आपला दास' असं म्हणत. दास म्हणजे 'स्क्याव्हो', व्हेनिसच्या उच्चारात 'स्‌च्याओ'. झिजत झिजत उरलं 'चाओ'. आणि तो दास शब्द तरी कुठला? 'स्लाव' या लोकांच्या नावावरून आलेला. मध्ययुगात पूर्वेकडची स्लाव माणसं इतकी पकडून विकली गेली की त्यांच्या नावाचाच अर्थ गुलाम झाला. इंग्रजीतला 'स्लेव्ह'ही तिथलाच. आपण अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहितो तेव्हा कुणाची आज्ञा पाळतो? तसंच आहे ते. फक्त त्यांचा आज्ञाधारक पुढे कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी गेला.

आदरार्थी बोलायला इटालियनमध्ये 'लेई' म्हणतात. 'लेई'चा खरा अर्थ 'ती'. समोर मिशाळ पोलीस असला तरी 'ती'च! कारण असं की दरबारात 'आपली सिन्योरिया', म्हणजे आपलं स्वामित्व, असं म्हणायची रीत पडली, आणि सिन्योरिया हा शब्द स्त्रीलिंगी. 'सरकारांनी बसावं' असं आपल्याकडे तिसऱ्या पुरुषात बोलत, त्याच जातीचं.

या साध्या सर्वनामावरून मुसोलिनीच्या राज्यात केवढं रामायण झालं! १९३८ च्या जानेवारीत ब्रूनो चिकोन्यानी नावाच्या लेखकाने 'कोर्रिएरे देल्ला सेरा' या वर्तमानपत्रात लिहिलं की 'लेई' ही परक्यांच्या लाचारीची खूण आहे, ती टाका. फॅसिस्ट पक्षाने ते उचललं. पक्षाच्या माणसांनी आणि सरकारी नोकरांनी 'लेई' म्हणायचं नाही, जवळच्यांना 'तू' आणि वरिष्ठांना 'वोई' म्हणायचं, असा हुकूम निघाला. 'लेई' नावाचं बायकांचं एक मासिक होतं, त्याला नाव बदलून 'आन्नाबेल्ला' व्हावं लागलं. त्या बिचाऱ्या मासिकाच्या नावातलं 'लेई' आदरार्थी नव्हतंच, सरळ 'ती' होतं. पण हुकूम काढणाऱ्यांना व्याकरण कधी आलंय? पुढे १९४० मध्ये दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातींतले परकी शब्द कायद्याने बंद झाले. राजवट गेली, 'लेई' परत आलं. 'वोई' नेपल्सकडे पूर्वीपासून चालत होतं, तिथे काही प्रमाणात अजून ऐकू येतं. हुकमाने आलेलं सगळं हुकमाबरोबर गेलं.

इतकं वाचल्यावर मला वाटलं, ही भाषा मुळात कुणाची? मुलाच्या कपाटात एक-दोन इंग्रजी पुस्तकं होती, ती डिक्शनरी घेऊन हळूहळू वाचली. दान्ते जन्मला १२६५ मध्ये. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे हे दोघे एकाच काळातले. दान्तेनेही लोकांच्या बोलीत मोठा ग्रंथ लिहायचं धाडस केलं, आणि त्याच्यामुळे फ्लॉरेन्सची बोली ही लिहायची भाषा ठरली. लिहायची, बोलायची नव्हे! बोलताना व्हेनिसवाला व्हेनिसचं, सिसिलीवाला सिसिलीचं बोलत राहिला आणि एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. आलेस्सांद्रो मान्झोनी हा त्यांचा एकोणिसाव्या शतकातला मोठा कादंबरीकार. मिलानचा. घरी मिलानची बोली आणि फ्रेंच. त्याने आपली कादंबरी १८२७ मध्ये छापली आणि मग भाषा फ्लॉरेन्सची नाही म्हणून अस्वस्थ झाला. फ्लॉरेन्सला जाऊन राहिला, आर्नो नदीत कपडे खळबळून काढले असं त्याचंच म्हणणं, आणि १८४० ते १८४२ मध्ये ती सबंध कादंबरी नव्या भाषेत पुन्हा छापली. अशी चिकाटी माझ्या एका तरी विद्यार्थ्यात असती तर!

१८६१ मध्ये इटली एक देश झाला. त्याचा पहिला राजा पिएमोंतेची बोली बोलणारा, आणि पंतप्रधान कावूरला इटालियनपेक्षा फ्रेंच सोपं जाई. देशातले साधारण तीन चतुर्थांश लोक निरक्षर. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हिशेब मांडला, की त्या साली इटालियन येणारे लोक शंभरात फक्त अडीच होते. अडीच कोटींच्या देशात सहा-साडेसहा लाख. पुढे दुसऱ्या एका अभ्यासकाने, आर्रिगो कास्तेल्लानीने, तो आकडा दहाच्या आसपास नेला. दहा धरले तरी काय? नव्वद जणांना आपल्याच देशाची भाषा परकी!

मग काय करायचं, यावर वाद झाला. १८६८ मध्ये म्हाताऱ्या मान्झोनीने सरकारला सांगितलं, फ्लॉरेन्सची भाषा सगळ्या शाळांतून शिकवा, मास्तर तिथलेच पाठवा. त्याला १८७३ मध्ये ग्रात्सियादिओ आस्कोली नावाच्या भाषापंडिताने विरोध केला. त्याचं म्हणणं असं, की एका शहराची बोली वरून लादून भाषा होत नाही. माणसं शिकू द्या, त्यांची देवाणघेवाण वाढू द्या, मग भाषा आपसूक होईल. शाळांनी ऐकलं ते मान्झोनीच्या बाजूचं, तेही सोपं करून. म्हणजे बोली म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे लाल शाई.

हे मी एका संध्याकाळी शेजारच्या आजींना विचारलं. आमची आता बरीच गट्टी जमली होती. माझे शंभरेक शब्द, त्यांचे हातवारे, आणि अडलं की मुलगा. त्या शहाऐंशी वर्षांच्या, अप्पेनिन डोंगरातल्या एका खेड्यातल्या. घरात सगळे बोलीच बोलत. शाळेत गेल्या तेव्हा इटालियन येत नव्हतं. तोंडून बोलीतला शब्द गेला की मास्तरीणबाई हात पुढे करायला लावून फूटपट्टी मारत. त्यांनी आपला तळवा पुढे केला आणि दुसऱ्या हाताने त्यावर मारून दाखवलं. हसतच सांगत होत्या. मग विचारलं, "तुम्ही पण शिक्षिका ना? तुमच्याकडे असं होतं का?"

मुलाने भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघत राहिला. तो माझ्याच शाळेत शिकलाय.

मी मारत नसे. मी दंड घेत असे. १९७५ साली मी किनाऱ्यालगतच्या एका गावात नोकरीला लागले. मुलं सगळी मालवणी बोलणारी. मी स्वतः मालवणी बोलत वाढलेली, पण कॉलेजात पुण्याकडच्या मुलींनी माझ्या हेलाची इतकी थट्टा केली होती, की मी ती जिभेवरून खरवडून काढली होती. माझ्या विद्यार्थ्यांना कुणी हसू नये, असं मला मनापासून वाटे. म्हणून वर्गात नियम केला, एका मालवणी शब्दाला पाच पैसे. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वर्षअखेर त्यातून खाऊ आणायचा. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं, इन्स्पेक्शनलाही हा उपक्रम म्हणून दाखवला.

सातवीत एक मुलगा होता. वर्गाबाहेर त्याची जीभ नुसती चुरचुर चाले, पकडलेल्या माशांच्या गोष्टी तो अशा सांगे की मोठी माणसं थांबत. 'आमच्या घरातील आनंदाचा दिवस' या निबंधात त्याने लिहिलं, "माझ्या बापाशीन नवी होडी हाडली." मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. बापाशीन पाच, हाडली पाच, दहा पैसे. वर्ग हसला. दहा पैसे त्याच्याकडे नव्हते, दुसऱ्या दिवशी आणून डब्यात टाकले. त्यानंतर तो वर्गात "होय बाई" आणि "नाही बाई" एवढंच बोलला. दोन्ही शब्द प्रमाण, दंड नाही. आठवीत तो आलाच नाही. मी शेरा लिहिला, घरची परिस्थिती.

नवी होडी आलेल्या घरची परिस्थिती! तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आजींना मी 'सी' म्हटलं. म्हणजे 'हो'. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन कॉफी घेऊन आल्या.

त्यांच्याच आईची गोष्ट पुढच्या खेपेला कळली. ती माउली अंगठेबहाद्दर, कागदावर फुली मारणारी. १९६० मध्ये इटलीच्या सरकारी टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू झाला, त्याचं नाव 'उशीर कधीच झालेला नसतो'. आल्बेर्तो मान्झी नावाचा प्राथमिक शिक्षक संध्याकाळी प्रौढांना अक्षरं शिकवायचा. मोठ्या कागदावर कोळशाने भराभर चित्र काढायचा, बघणाऱ्याला वाटायचं आता काय निघतंय, आणि त्या चित्रातून अक्षर. घरोघरी टीव्ही नव्हते, म्हणून खेड्यापाड्यांत टीव्ही बसवलेले वर्ग होते. १९६८ पर्यंत हे चाललं आणि सुमारे चौदा लाख माणसांना त्यातून प्राथमिक परीक्षेचा दाखला मिळाला असं मानतात. आजींची आई त्यातच सही करायला शिकली. शेजारणींबरोबर जायची आणि परत येताना, आजींनी हे दोनदा सांगितलं, बोलीतच बडबडत यायची. मान्झींनी फूटपट्टी घेतली नव्हती ना!

हा मान्झी मला फार आवडला. १९८१ मध्ये मुलांवर शेरे लिहायची नवी पद्धत आली, तेव्हा त्याने शेरे लिहायलाच नकार दिला, त्यापायी त्याला निलंबित केलं. पुढे त्याने सगळ्या मुलांसाठी एकच शेरा केला, जमतं ते करतो, जमत नाही ते करत नाही. मी बत्तीस वर्षांत किती शेरे लिहिले असतील देव जाणे.

त्याच कपाटात मला दुसरं एक बारकं पुस्तक सापडलं. बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वाडीत दोन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शाळा काढली होती, नापास होऊन हाकललेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. त्यातल्या आठ मुलांनी मिळून १९६७ मध्ये एका शिक्षिकेला पत्र लिहिलं. पत्र म्हणजे आख्खं पुस्तक. तिने नापास केलेली मुलं तिला आकडे मांडून विचारतात, तुमच्या शाळेतून कोण गळतं, डॉक्टरांची मुलं की आमची? आणि ज्या भाषेवर तुम्ही नापास करता, ती कुणाच्या घरात बोलतात? पुस्तक आलं त्याच वर्षी जूनमध्ये मिलानी गेला, चव्वेचाळीस वर्षांचा. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचू शकले नाही. चार दिवस लागले, इंग्रजी कच्चं आहे हे एक कारण. सारखं वाटत होतं, पाकिटावर माझाच पत्ता आहे.

निघायच्या आधी मुलाला म्हटलं, मला आबांची लढाई बघायची आहे. बोलोन्याहून फोर्ली गाडीने तासाभराच्या अंतरावर. तिथे हिंदी सैन्याची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारक. इटलीत आपले सुमारे पन्नास हजार जवान लढले, पाच हजारांहून जास्त तिथेच राहिले. त्यांत मराठा पलटणी होत्या. १० जुलै १९४४ ला वरच्या तिबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर गेले आणि मारले गेले. आपल्या रायगडकडचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि २०२३ मध्ये, आम्ही गेलो त्याच वर्षी, मोन्तोने गावात त्यांचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक झालं. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदी ओलांडून, हात जखमी झाल्यावर बॉम्ब फेकत ठाणी बंद पाडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते परत आले.

फोर्लीला मी दगडांवरची नावं वाचत फिरले. आडनावं आपल्याच हजेरीपटावरची. आबांनी इथे काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जेवायला बोलावणं तेवढं घेऊन आले.

शेवटच्या दिवशी आजी जिन्यापर्यंत आल्या. मी वहीत बघून 'आर्रिवेदेर्ची' पाठ केलं होतं, म्हणजे पुन्हा भेटू. त्यांनी हात धरून विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? मी मुलाकडे बघितलं. 'पुन्हा भेटू' तोंडात आलं होतं. मग म्हटलं, "येतंय हां."

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा हेल बरोबर लागला.